दोष वाऱ्याचा, की धावपट्टी आखणाऱ्यांचा?

आपल्याकडे अपघात घडला की कारणाच्या आधी अपराधी सापडतो. एस.टी. दरीत कोसळली की चालकाला डुलकी लागली होती असे ठरते. कारखान्यात मजुराचा हात यंत्रात गेला की तो निष्काळजी होता असे ठरते. आणि अपराधी म्हणून उभा करायला माणूस मिळालाच नाही, तर निसर्ग हाताशी असतोच. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगरून २३ माणसे मेली, तेव्हा रेल्वेच्या चौकशीने पावसाकडे बोट दाखविले होते. पूल अरुंद आहे हे पावसाला ठाऊक नव्हते. ज्यांना ते ठाऊक होते त्यांच्याकडे मात्र बोट वळले नाही.

याच जातीचे एक वाक्य विमान-अपघातांच्या अहवालांत जगभर आढळते. एखादे लहान विमान, बहुधा प्रशिक्षणाचे, उतरताना धावपट्टीवरून बाजूला जाते, पंख जमिनीला घासतो, पुढचे चाक मोडते, कधी विमान उलटे होते. मग अहवाल येतो: ‘आडव्या वाऱ्यात उतरताना वैमानिकाला विमानाच्या दिशेवर ताबा ठेवता आला नाही.’ वाक्य खोटे नसते. विमान बाजूला गेले याचा अर्थच ताबा राहिला नाही असा होतो. पण ‘माणूस का मेला?’ या प्रश्नाला ‘त्याचा श्वास थांबला म्हणून’ असे उत्तर द्यावे, इतकेच हे वाक्य खरे असते. जिथून चौकशी सुरू व्हायला हवी तिथे ती संपते, आणि ती तिथे संपावी यात अनेकांचे हितसंबंध गुंतलेले असतात. प्रस्तुत लेखाचा वाद या वाक्याशी आहे.

काही कार्यकर्ते विचारतील की दुष्काळ, बेकारी, वीजदर आणि कामगारकपात सोडून आपल्या साप्ताहिकाने विमानांची चिंता का वाहावी? विमान ही श्रीमंतांची चैन नव्हे काय? उद्योगपतींच्या खासगी विमानांपुरता हा आक्षेप रास्त आहे. परंतु धुळ्याला, जळगावला किंवा गोंदियाला दोन आसनांच्या विमानात जो विद्यार्थी बसतो, तो बहुधा उद्योगपतीचा मुलगा नसतो. तो प्राथमिक शिक्षकाचा असतो, बँकेतल्या कारकुनाचा असतो, पाच एकर बागायत गहाण ठेवणाऱ्या शेतकऱ्याचा असतो. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवायला आज पन्नास लाख रुपयांच्या घरात आणि कधी त्याहूनही अधिक खर्च येतो. हे पैसे कर्जातून उभे राहतात. नोकरीची हमी कोणी देत नाही. असा मुलगा किंवा मुलगी आडव्या वाऱ्यात सापडते तेव्हा विमानासोबत एक आख्खे घर धावपट्टीवरून घसरते. हा प्रश्न श्रमाचा आहे, शिक्षणाचा आहे आणि सार्वजनिक जबाबदारीचाही आहे.

वाऱ्याचे गणित

वाद नीट घालायचा तर आधी वस्तुस्थिती समजून घेतली पाहिजे. विमानाला उतरताना समोरून येणारा वारा हवा असतो, कारण त्याने जमिनीवरचा वेग कमी होतो. पण वारा धावपट्टीशी समांतर वाहील असा करार त्याने कोणाशी केलेला नाही. तो तिरका आला की त्याचा एक भाग विमानाला आडवा ढकलतो. वीस नॉटचा वारा धावपट्टीशी तीस अंशांचा कोन करीत असेल तर आडवा भाग दहा नॉटचा असतो. कोन साठ अंशांचा झाला की तोच भाग सतरा नॉटांवर जातो. वारा तेवढाच राहतो, फक्त त्याने कूस बदललेली असते.

हा ढकला सर्वांना सारखा लागत नाही. एकशे चाळीस नॉटने उतरणाऱ्या मोठ्या प्रवासी विमानाला पंधरा नॉटच्या आडव्या वाऱ्यात आपले नाक सुमारे सहा अंश वाऱ्याकडे वळवून यावे लागते. साठ नॉटने उतरणाऱ्या शिकाऊ विमानाला त्याच वाऱ्यात साडेचौदा अंश वळावे लागते. म्हणजे विद्यार्थी धावपट्टीकडे जवळजवळ तिरका पाहत खाली येतो आणि चाके टेकण्याच्या क्षणी त्याला नाक सरळ करावे लागते. तसे करताच वारा विमानाला बाजूला वाहून नेऊ लागतो, म्हणून वाऱ्याकडचा पंख किंचित झुकवावा लागतो आणि शेपटीच्या सुकाणूने नाक उलट दिशेने धरून ठेवावे लागते. हात एका दिशेने आणि पाय दुसऱ्या दिशेने, आणि हे सारे अशा वेळी, जेव्हा वेग उतरत चालल्यामुळे सुकाणूवरून वाहणारी हवाही दुबळी होत असते. वेग जितका घटतो, तितकी वैमानिकाची सत्ता घटते; वाऱ्याची मात्र घटत नाही. चाके टेकल्यावरही सुटका नसते. उभ्या शेपटीवर वारा आदळतो आणि देवळाच्या कळसावरच्या पताकेप्रमाणे विमानाचे नाक वाऱ्याकडे फिरू पाहते. वाऱ्याकडचा पंख उचलला जातो. दोन-तीन सेकंदांचा उशीर झाला की धावपट्टी संपते आणि गवत लागते.

असे बहुसंख्य अपघात जीवघेणे नसतात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. लहान विमानांच्या अपघातांत उतरतानाच्या अपघातांचा वर्ग फार मोठा असतो आणि त्यांत प्राणहानी क्वचित होते. परंतु याच वाऱ्याचे दोन प्रकार प्राणघातक आहेत. एक, घसरू लागलेले विमान उशिरा, कमी वेगात, पुन्हा वर उचलण्याचा प्रयत्न. त्यात एक पंख हवा सोडतो आणि विमान कुशीवर कोसळते. दुसरा, धावपट्टीकडे घ्यावयाच्या शेवटच्या वळणावर. आडवा वारा तेव्हा पाठीमागून येत असेल तर विमान रेषेच्या पलीकडे वाहून जाते, विद्यार्थी घाईने वळण आवळतो, आणि तीनशे-चारशे फुटांवर विमानाचा तोल जातो. तेथून सावरायला उंची शिल्लक नसते. ज्याने कोणी या मुलाला त्या दुपारी त्या धावपट्टीवर एकटे पाठविले, त्याचे नाव ‘दिशेवर ताबा ठेवता आला नाही’ या वाक्यात येत नाही.

एकच धावपट्टी का?

विमानविद्येच्या आरंभी हा प्रश्न जवळपास नव्हता. विमानतळ म्हणजे मैदान असे. वारा जिकडून येईल तिकडे तोंड करून उतरावे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाचे विमान घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा जुहूचा तळ म्हणजे चिखलाचे सपाट मैदान होते. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई आणि टपालसेवा पुण्याला हलवावी लागे. पुढे विमाने जड झाली, पक्क्या पट्ट्या आल्या, आणि पट्टी आली की तिच्यासोबत दिशेची सक्ती आली. ती सक्ती सौम्य करण्यासाठी एकमेकींना छेदणाऱ्या दोन किंवा तीन धावपट्ट्या बांधण्याची पद्धत पडली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने बॉम्बफेकी विमानांसाठी जे तळ उभारले, त्यांच्या नमुन्यात इंग्रजी ‘ए’ अक्षरासारख्या तीन धावपट्ट्या असत आणि मुख्य पट्टी प्रचलित वाऱ्याच्या दिशेत असे. युद्धाला तीन धावपट्ट्या परवडल्या. शिक्षणाला एकच परवडते, असे आपल्याला आज सांगितले जाते.

याला तांत्रिक कारण आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. जुन्या विमानांचे तिसरे चाक शेपटीखाली असे. ती जमिनीवर आडव्या वाऱ्याला फार लवकर बळी पडत. चाक नाकाखाली आले आणि विमाने अधिक सोशिक झाली. मोठ्या विमानांना तर तीस नॉटच्या वरचा आडवा वाराही पेलतो. म्हणून त्यांच्यासाठी एक लांब पट्टी पुरते हे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण युक्तिवादाची चलाखी येथेच आहे. मोठ्या विमानासाठी खरे असलेले विधान लहान विमानाच्या गळ्यात बांधले जाते.

आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या करारनाम्याचे चौदावे परिशिष्ट विमानतळांच्या रचनेविषयी आहे. त्यात म्हटले आहे की धावपट्ट्यांची संख्या आणि दिशा अशी असावी की ज्या विमानांसाठी तो तळ आहे त्यांना तो किमान ९५ टक्के काळ वापरता यावा. हा हिशेब करताना किती आडवा वारा धरावा, तेही तेथे दिले आहे. १५०० मीटर किंवा त्याहून अधिक धावपट्टी लागणाऱ्या विमानांना वीस नॉट, १२०० ते १५०० मीटर लागणाऱ्यांना तेरा नॉट, आणि त्याहून लहान विमानांना फक्त दहा नॉट. वाऱ्याच्या नोंदी शक्यतो किमान पाच वर्षांच्या असाव्यात, दिवसातून निदान आठ वेळा घेतलेल्या असाव्यात, असेही त्यात सुचविले आहे. अमेरिकेतील नियमही अगदी लहान विमानांसाठी साडेदहा नॉटच धरतात. तात्पर्य, विमान जितके लहान, तितकी त्याला दुसऱ्या दिशेच्या धावपट्टीची गरज मोठी, हे तज्ज्ञांनी केव्हाच मान्य केलेले आहे.

आता प्रत्यक्ष पाहा. मुंबईच्या मोठ्या विमानतळावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत. शेकडो टन वजनाची, वाऱ्याला फारशी न जुमानणारी विमाने तेथे उतरतात. शेजारच्या जुहूला ०८/२६ आणि १६/३४ अशा दोन दिशांच्या पट्ट्या आखलेल्या आहेत. पण जुहूचे आकाश आज मुख्यतः हेलिकॉप्टरांचे आहे, आणि १९२८ साली स्थापन झालेल्या मुंबई फ्लाइंग क्लबचे विमान-प्रशिक्षण धुळ्याला हलले आहे. हजार किलोचे शिकाऊ विमान, ज्याला दहा नॉटचाही धाक असावा, ते जिल्ह्याच्या ठिकाणी एकाच दिशेच्या पट्टीवर उतरते. ज्याला गरज कमी त्याला दोन, ज्याला गरज अधिक त्याला एक! आपल्या नळयोजनांपासून शाळांपर्यंत जो न्याय चालतो, तोच आकाशात चालला आहे.

चौदाव्या परिशिष्टातील ९५ टक्क्यांचे कलम बंधनकारक नियम नसून ‘शिफारस’ आहे, हेही कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावे. शिफारस आणि नियम यांच्यामधल्या फटीत किती माणसे चिरडली जातात, हे किमान वेतनाच्या लढ्यात उतरलेल्यांना सांगायला नको. शिवाय ‘ज्या विमानांसाठी तो तळ आहे’ या शब्दांत एक पळवाट आहे. आपल्याकडील जिल्हा-धावपट्ट्या आखल्या गेल्या त्या मंत्र्यांच्या दौऱ्यांसाठी, उद्योगपतींच्या भेटींसाठी आणि कधी तरी येणाऱ्या प्रवासी विमानाच्या आशेवर. प्रत्यक्षात त्यांवर दिवसभर फेऱ्या घालतात ती शिकाऊ विमाने. वीस नॉट धरून उत्तीर्ण होणारी धावपट्टी दहा नॉट धरल्यावर उत्तीर्ण होईलच असे नाही. प्रशिक्षणाला परवानगी देताना हा हिशेब नव्याने केला गेला काय? केला असल्यास तो जाहीर का नाही?

महाराष्ट्रातील बहुतेक पट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम आहेत, त्यामुळे पश्चिमेच्या पावसाळी वाऱ्याला त्या बऱ्याच अंशी तोंड देतात, हे मान्य. पण उन्हाळ्याचे काय? एप्रिल-मेच्या दुपारी खानदेशात आणि विदर्भात जमीन तापते, वावटळी उठतात, वळिवाच्या आधीचा सोसाटा कोणत्याही दिशेने येतो आणि एका मिनिटात दिशा बदलतो. शंभरातून उरलेले पाच टक्के म्हणजे वर्षाचे अठरा दिवस होतात. कागदावर ते वर्षभर विखुरलेले दिसतात, पण ऋतूच्या दृष्टीने ते काही दुपारींत गोळा झालेले असतात. सरासरीच्या पुरात माणूस बुडतो म्हणतात तो असा.

‘सिद्ध’ झालेल्या आकड्याची कथा

मालकवर्गाचा दुसरा आधार म्हणजे विमानाच्या पुस्तिकेतील आकडा. सेस्ना १५२ या विमानाच्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्याचा आकडा बारा नॉट आहे. सेस्ना १७२ च्या पुस्तिकेत पंधरा. हे आकडे विमानाची मर्यादा सांगतात असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ते ‘करून दाखविलेला’ वारा सांगतात. विमान प्रमाणित होत असताना कारखान्याच्या कसलेल्या चाचणी-वैमानिकाने जेवढ्या वाऱ्यात ते उतरवून दाखविले, तेवढा आकडा छापला गेला. अमेरिकेच्या नियमांत कित्येक दशके अपेक्षा एवढीच होती की ज्या किमान वेगाला विमान हवेत तग धरते, त्याच्या निदान एक-पंचमांश आडव्या वाऱ्यात ते उतरवून दाखवावे. पन्नास नॉटच्या आसपास तग धरणाऱ्या विमानासाठी ही अपेक्षा सुमारे दहा नॉटची होते.

म्हणजे हा आकडा तज्ज्ञाच्या हातचा आहे. तोच शिकाऊ मुलाच्या डोक्यावर ठेवला जातो. वारा पंधराच्या आत होता, विमान सक्षम होते, मग दोष कोणाचा? मुलाचा! ज्या न्यायाने गिरणीतल्या सर्वांत चपळ कामगाराचे काम मोजून ते साऱ्या खात्याचे प्रमाण ठरवीत, तोच हा न्याय आहे. चपळ माणसाचे काम दुबळ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्याची कला मालकवर्गाला कोणी शिकवावी लागत नाही.

तासांचा बाजार

यावर उत्तर येईल की मुलाला आडव्या वाऱ्यात उतरायला शिकवा म्हणजे झाले. अगदी बरोबर! पण शिकविते कोण आणि कशाच्या दबावाखाली?

व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण लागते, त्यांपैकी १०० तास स्वतःच्या जबाबदारीवर. रात्रीच्या उड्डाणाचे तास वेगळे नोंदवावे लागतात. आडव्या वाऱ्यात किती वेळा उतरला, याची अशी वेगळी गणती तेथे मागितलेली नाही. सारी व्यवस्था तास मोजते. विद्यार्थी तासांचे पैसे भरतो, संस्था तास विकते, आणि अनेक ठिकाणी शिक्षकाचा मोबदलाही तासांवर बेतलेला असतो. अशा व्यवस्थेत दोनच मार्ग उरतात. एक, वारा शांत असलेल्या पहाटेच तेवढे उडावे आणि दोनशे तास भरूनही आडव्या वाऱ्याची खरी ओळख न होता परवाना घ्यावा. दुसरा, तास मागे पडले, पावसाने दिवस खाल्ले, वसतिगृहाचे भाडे आणि कर्जाचे व्याज चढते आहे, म्हणून ज्या दुपारी उडू नये त्या दुपारी उडावे. विद्यार्थी ‘नको’ म्हणत नाही, कारण प्रत्येक वाया गेलेला दिवस त्याच्या बापाच्या खिशातून जातो. शिक्षक ‘नको’ म्हणत नाही, कारण तो दिवस त्याच्याही खिशातून जातो. ‘नको’ म्हणण्याचा खर्च ज्यांच्यावर लादलेला असतो, ते ‘नको’ म्हणू शकत नाहीत. हे वेठबिगारीचे जुने तत्त्व आहे.

तासांचा बाजार कुठवर जातो ते २०११ साली दिसले. त्या वर्षी जानेवारीत गोव्यात एका प्रवासी विमानाचे पुढचे चाक आधी टेकले. त्यानंतरच्या तपासणीत त्या वैमानिकाची परवान्यासाठीची गुणपत्रिकाच बनावट निघाली. देशभर शोध सुरू झाला आणि राजस्थानातील एका सरकारी उड्डाणशाळेत न उडताच तास नोंदविल्याची प्रकरणे बाहेर आली. व्यक्तींना अटक झाली. तासाला नाणे बनविणारी पद्धत मात्र मोकळी राहिली.

यानंतर शासनाने काय केले? २०२० मध्ये उड्डाण-प्रशिक्षण संस्थांना विमानतळांवर द्यावी लागणारी रॉयल्टी रद्द केली. पुढच्या वर्षी बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी या पाच विमानतळांवर नव्या संस्थांना जागा दिल्या. येत्या पंधरा-वीस वर्षांत तीस हजार वैमानिक लागतील, असे मंत्रिमहोदय सांगतात. सवलत द्यायला आमचा विरोध नाही. पण सवलतीच्या बदल्यात जनतेने काय मागितले? दुसऱ्या दिशेची पट्टी? वाऱ्याच्या जाहीर नोंदी? शिक्षकांना पक्का पगार? सार्वजनिक मालमत्तेवरचे भाडे सोडायचे आणि बदल्यात अट घालायची नाही, याला धोरण म्हणत नाहीत. महाराष्ट्रात तर त्याआधीच, २००९ मध्ये, नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि उस्मानाबाद येथील पाच तळ दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने एका खासगी उद्योगसमूहाच्या हाती गेले. पुढे शासनकर्त्यांनाच ते परत घेण्याची भाषा करावी लागली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत एकाच संस्थेची दोन शिकाऊ विमाने कोसळली, तेव्हा त्या संस्थेचे प्रशिक्षण काही काळ थांबविण्यात आले. ते अपघात आडव्या वाऱ्याचे म्हणून ओळखले जात नाहीत. पण देखरेख अपघाताच्या पुढे न धावता मागून कशी येते, हे त्यांनी दाखविले. २०२५ मध्ये महासंचालनालयाने प्रशिक्षण संस्थांची पहिली श्रेणीवारी प्रसिद्ध केली, तेव्हा वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. मग हे विद्यार्थी इतकी वर्षे कोणाच्या भरवशावर उडत होते?

चौकशी कोण कोणाची करणार?

अपघातांच्या चौकशीविषयीचे तेरावे परिशिष्ट म्हणते की चौकशीचा हेतू पुढचे अपघात टाळणे हाच आहे, दोष किंवा उत्तरदायित्व वाटून देणे हा नाही. उदात्त वचन आहे. पण आपल्याकडील अपघात-तपास विभाग ज्या मंत्रालयाच्या छायेत आहे, त्याच मंत्रालयाच्या छायेत परवाने देणारे आणि देखरेख करणारे महासंचालनालयही आहे. धावपट्टीला मान्यता देणारा, शाळेला परवाना देणारा आणि अपघातानंतर कारण शोधणारा, हे तिघे एकाच वाड्यात राहतात. मग बोट वाड्याबाहेर, मैदानात पडलेल्या मुलाकडे वळले तर नवल कसले? अमेरिका हे काही समाजवादी राष्ट्र नव्हे. पण तेथेही १९७४ च्या कायद्याने वाहतूक-सुरक्षा मंडळ वाहतूक खात्यापासून वेगळे करण्यात आले. आपण १९३४ चा विमान कायदा मोडीत काढून २०२४ मध्ये ‘भारतीय वायुयान अधिनियम’ केला. नाव बदलले. वाडा तोच राहिला.

एका आक्षेपाचे उत्तर दिले पाहिजे, कारण तो आपल्याच बाजूने येईल. दुसरी धावपट्टी म्हणजे पुन्हा शेतकऱ्याची जमीन घेणार काय? नाही. एक गुंठाही नाही. लहान विमानाला उतरायला प्रचंड पट्टी लागत नाही. दख्खनची उंची, उन्हाळ्याची विरळ हवा आणि नवशिक्याच्या चुकांसाठी भरपूर वाव धरूनही आठशे मीटर लांब आणि साठ मीटर रुंद अशी मुरमाची किंवा गवताची दाबलेली पट्टी पुरेशी होईल. हे क्षेत्र पाच हेक्टरांच्या आत, म्हणजे जेमतेम बारा एकर भरते. विमानतळांच्या नावाखाली शेतकऱ्यांकडून आधीच घेतलेल्या आणि कुंपणाआड पडून असलेल्या जमिनीचा हिशेब मांडा. तेथे ही पट्टी बसते की नाही ते पाहा. जेथे बसत नाही, तेथे वाऱ्याची मर्यादा पाळा आणि त्या दिवसांचा भुर्दंड विद्यार्थ्यावर घालू नका.

दुसरा आक्षेप असा की वैमानिकाची वैयक्तिक जबाबदारी आम्ही नाकारतो. मुळीच नाही. जो वाऱ्याची पिशवी न बघता उतरतो, त्याने दोष घ्यावाच. परंतु जबाबदारी अधिकाराच्या प्रमाणात असावी, हे लोकशाहीचे साधे सूत्र आहे. धावपट्टी कोणत्या दिशेने आखावी हे विद्यार्थ्याने ठरविले नाही. दुपारचे वेळापत्रक त्याने लिहिले नाही. शुल्क त्याने ठरविले नाही. त्याच्या अधिकारात फक्त शेवटचे दहा सेकंद होते. दहा सेकंदांच्या मालकाला शंभर टक्के दोष आणि वर्षानुवर्षांच्या मालकांना शून्य, हे गणित आम्हांला मान्य नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रशिक्षण चालणाऱ्या प्रत्येक तळावरील गेल्या पाच वर्षांच्या वाऱ्याच्या नोंदी आणि दहा नॉट धरून केलेला उपयोगितेचा हिशेब प्रसिद्ध करावा. तो ९५ टक्क्यांखाली असेल तेथे, असलेल्या जमिनीतच, दुसऱ्या दिशेची छोटी पट्टी करावी. प्रशिक्षणतळांपुरती ९५ टक्क्यांची शिफारस बंधनकारक करावी. एकट्याने उडणाऱ्या विद्यार्थ्यासाठी वाऱ्याची मर्यादा पुस्तिकेतील आकड्यावर न ठेवता त्याच्या अनुभवावर ठेवावी आणि आडव्या वाऱ्यातील उतरण्यांची वेगळी नोंद परवान्यासाठी सक्तीची करावी. शिक्षकाला मासिक वेतन मिळावे, तासागणिक मोबदला नव्हे. हवामानामुळे थांबलेल्या दिवसांचे वसतिगृहशुल्क संस्थेने सोसावे. अपघात-तपास विभाग मंत्रालयापासून तोडून संसदेला उत्तरदायी करावा.

या मागण्यांसाठी मोर्चे निघण्याची वाट पाहायला नको. जळगाव, धुळे, गोंदिया या जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात एक साधा अर्ज करावा: आपल्या गावच्या धावपट्टीची दिशा कोणत्या वर्षांच्या कोणत्या नोंदींवरून ठरली, आणि तेथे प्रशिक्षणाला परवानगी देताना कोणता आडवा वारा धरला होता? कागद मिळाला तर वाद आकड्यांवर घालता येईल. कागदच नसेल, तर पुढचे विमान गवतात जाईल तेव्हा अहवालात पहिले नाव कोणाचे लिहायला हवे, हे त्या नसलेल्या कागदावरूनच ठरेल.